एका बाजूने सुकलेलं तोरण

फायर गार्ड म्हणून कामाला लागलो तेव्हा पहिले काही महिने मी युनिफॉर्म पिशवीत घालून न्यायचो. घरातून निघताना इस्त्रीचा शर्ट, आणि भाईंदर पूर्वेच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पोचलो की पंपरूमच्या आडोशाला निळा डगला. फोर्टातल्या एका ऑफिसात अकरा वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. ऑफिसला टाळं लागलं, परळची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो, आणि ओळखीने ही नोकरी मिळाली. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. जुन्या शेजाऱ्यांनी विचारलं की मी ‘सेफ्टी डिपार्टमेंटला आहे’ असं सांगायचो. बायको हे ऐकून तोंडाला पदर लावायची.

त्या डिपार्टमेंटमध्ये माणसं दोनच. एक मी आणि दुसरे मामा. सगळी इस्टेट त्यांना मामाच म्हणायची. जवळच्याच खाडीकाठच्या राई गावचे, पन्नाशी ओलांडलेले, बुटके, सायकलवरून यायचे. तरुणपणी मुंबईतल्या एका कापड गिरणीच्या आगीच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली तसे इथे आले. राईतली त्यांची जमीन भावकीत वाटली गेली होती आणि उरल्यासुरल्या तुकड्याभोवती बिल्डिंगी उठल्या होत्या. घर चालायचं ते मामांच्या पगारावर. मला पहिल्या दिवशी वाटलं, मी टायपिंगच्या परीक्षा दिलेला माणूस, हा गृहस्थ मला काय शिकवणार!

त्या दिवशी मामांनी मला तीन मजले फिरवून आणलं आणि खाली आल्यावर म्हणाले, “काय बगितलंस?”

“काही नाही. सगळं ठीक आहे.”

ते इतके हसले की मला राग आला. “चल परत,” म्हणाले.

दुसऱ्या फेरीत माझे डोळे उघडले. आमच्या इस्टेटीत स्टीलची भांडी, इमिटेशनचे दागिने आणि पॅकिंगचे खोके असा सगळा मामला. पहिल्याच गाळ्यात पॉलिशच्या मशीनला पिनच नव्हती. वायरची दोन उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घातलेली आणि ती निसटू नयेत म्हणून वर काडेपेटीतल्या दोन काड्या खोचलेल्या. पहिल्या फेरीत मी ते पाहिलं होतं, पण माझ्या घरीही इस्त्रीला तेच केलं होतं, त्यामुळे दिसलं नव्हतं. “जी गोष्ट आपन घरी करतो ती दिसत न्हाय,” मामा म्हणाले. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन आधी पिन बसवली.

जिन्यातल्या लाल बादल्यांचीही तीच गत होती. वाळू असायला हवी तिथे गुटख्याच्या पुड्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका बादलीत तर पॅकिंगवाल्या बाईंनी चक्क तुळस लावली होती. मी असतो तर उपटून टाकली असती आणि भांडण ओढवून घेतलं असतं. मामांनी तेलाचा रिकामा डबा आणला, तुळस मुळांसकट त्यात लावली, डबा खिडकीत ऊन येईल असा ठेवला आणि बादलीत वाळू भरली. त्या दिवसापासून त्या बाई बादलीच्या राखणदार झाल्या. कुणी थुंकायला वाकला की आतून ओरडायच्या.

असं त्यांचं सगळं. कुणावर डाफरणं नाही, नोटिसा लावणं नाही. तळमजल्यावरच्या मीटररूमच्या दाराला टेकून एक मांजर रोज झोपायची. मला ती गोंडस वाटायची. मामा म्हणाले, “गावभर जागा सोडून ही हितंच का झोपते?” दार उघडलं तर आतल्या बाजूला केबलचा जोड चांगलाच तापलेला. वायरमनने जोड बदलला आणि मांजरीने जागा बदलली. तेव्हापासून इस्टेटीत मांजर कुठे झोपलीय हे मी पाहू लागलो. आजही पाहतो.

मीटररूममध्ये त्यांची आणखी एक युक्ती होती. फ्यूजच्या पांढऱ्या चिनीमातीच्या खोक्यांवर त्यांनी मेणबत्तीचा एकेक थेंब पाडून ठेवला होता. थेंब जिथल्या तिथे गोल असला तर ठीक. पसरला, ओघळला, तर त्या गाळ्यात झेपेल त्यापेक्षा जास्त मशिनं चालतायत, किंवा कुणी फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तांबं बसवलंय. मालक शपथा घ्यायचे, “नाही हो मामा, आम्ही काही बदललं नाही.” मामा शांतपणे त्यांना ओघळलेला थेंब दाखवायचे. शपथा तिथेच संपायच्या. मला त्या माणसाचं कौतुक वाटायला लागलं होतं, आणि ते लपवायला मी तऱ्हेतऱ्हेच्या शंका काढायचो.

एक गोष्ट मात्र मला थोडी खटकायची. प्रत्येक मजल्यावर ते थांबायचे आणि मला विचारायचे, “वास येतोय का कसला?” माझं नाक बऱ्यापैकी तिखट आहे. मी सांगायचो, इथे थिनर उघडं आहे, तिथे मोटरचं वायंडिंग जळतंय. ते मान डोलवायचे आणि त्या दिशेला चालू लागायचे. मास्तर पोराची परीक्षा घेतो तशी हे माझी घेतायत असं वाटून मी मनातल्या मनात चिडायचो.

त्या पावसाळ्यात मी तापाने चार दिवस घरी होतो तेव्हा एक भानगड झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कामगाराने खाली येऊन सांगितलं की बंद गाळ्यातून जळाल्याचा वास येतोय. मामा वर गेले आणि त्यांनी कुलूप तोडलं. आत आग वगैरे काही नव्हती. मालक बाहेर गेलेले पाहून कामगारांनी शेगडीवर सुके बोंबील भाजले होते आणि जेवून ते शटरला कुलूप लावून बाहेर पडले होते. मालक शाकाहारी. त्यांना कुलूप तुटल्याचा राग आला की गाळ्यात बोंबील निघाल्याचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आख्खी इस्टेट महिनाभर हसत होती. “राईचा माणूस आणि सुक्या बोंबलाचा वास ओळखता येत नाही!” मीही त्यात होतो. मामा नुसते हसायचे.

हसण्यावारी न नेणारा एकच माणूस होता, आमचे सेक्रेटरी. ते स्वतःही गाळेमालकच. त्यांनी मामांना पत्र दिलं. मालकाला किंवा सेक्रेटरीला न विचारता पुन्हा कुलूप तोडलं आणि आत काही निघालं नाही, तर त्याच दिवशी काम बंद. पत्राचा अर्थ नीट समजावून सांग म्हणून मामांनी ते माझ्यासमोर धरलं. मी सांगितला. त्यांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवलं, आणि ते मग त्याच खिशात राहिलं.

मग दसरा आला.

आमच्या घरी तो दिवस धम्मदीक्षेचा. संध्याकाळी विहारात वंदना, बायकोची पांढरी साडी आदल्या रात्रीच काढून ठेवलेली. मी तीनला सुटायचं ठरवलं होतं. इस्टेटीत मात्र दसरा म्हणजे मशिनांची पूजा. सकाळी सातपासून फाटकात मामी तोरणं विकायला बसल्या होत्या. मामांची बायको. परसातल्या आंब्याची पानं आणि झेंडू, आदल्या संध्याकाळी घरी ओवलेले. सगळे गाळे त्यांच्याकडूनच तोरण घ्यायचे. दहाच्या सुमारास प्रत्येक शटरवर तोरण, प्रत्येक मशीनला हार आणि कुंकू, आणि प्रत्येक मशीनपुढे दिवा. आमच्या अग्निशामक सिलिंडरलाही कुणीतरी हार घालून गेलं होतं.

हाच दिवस मामांना वर्षभर धाकात ठेवायचा. पूजा झाली, पेढे वाटले, कामगारांना सुट्टी दिली की मालक शटर ओढून घरी जायचे. दिवा आत तसाच. पूजेचा दिवा फुंकून विझवायचा नसतो, त्याचा तो शांत व्हायला हवा. आजूबाजूला खोके, थर्माकोल, गवत, आणि मधे ती ज्योत, बाहेरून कुलूप.

मामांनी कधी कुणाला दिवा विझवा म्हटलं नाही. इस्टेटीतल्याच एका भांडीवाल्याकडून त्यांनी डागी माल म्हणून बाजूला पडलेल्या स्टीलच्या पराती मागून आणल्या होत्या. परातीत वाळू भरायची, गाळ्याच्या मधोमध मोकळ्या फरशीवर ठेवायची आणि दिवा वाळूत. दिवाही तेवतो आणि मालकालाही समाधान. वर्षानुवर्षं ते असंच चाललं होतं. “परात आपल्या हातानं ठेवायची,” मला बजावलं होतं. “आनि दिवा वालूत ठेवल्यावरच बाहेर पडायचं.”

दुसरा मजला माझ्याकडे होता. सतरा गाळ्यांत मी तसंच केलं. अठराव्या, पॅकिंगच्या गाळ्यात पूजा ऐन रंगात होती. मालकांनी दारातूनच परात हातात घेतली आणि म्हणाले, “ठेवतो, ठेवतो. तुम्ही जा.” माझ्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मी गेलो. थोड्या वेळाने परत आलो तर शटरला कुलूप आणि मालक काशीगावला घरी गेलेले. माझ्या कागदावर मी त्या गाळ्यापुढेही बरोबरची खूण केली.

दुपारी साडेबाराला मामा आणि मी शेवटच्या फेरीला निघालो. इस्टेट रिकामी झाली होती. धूप, कापूर, तूप, उदबत्त्या, सगळ्यांचा मिळून असा काही दाट वास भरला होता की माझं तिखट नाक त्या दिवशी कुचकामी झालं होतं. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये धुपाची निळसर धूसर हवा होती. मामा हळूहळू चालत होते आणि मान वर करून बघत होते. मला वाटलं बायकोच्या हातची तोरणं बघून खूश होतायत.

अठराव्या गाळ्यापुढे ते थांबले.

“हे बग,” म्हणाले.

तोरण उजवीकडे टवटवीत होतं. डावीकडची सहा-सात पानं मात्र आत वळली होती आणि झेंडूची मान पडली होती.

“शिळं असेल,” मी म्हणालो.

“एकाच झाडाची पानं हायत. काल मीच उतरवलीत. ही चार दिस हिरवी राहतात.” त्यांनी वाळूची बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि हाताची पालथी बाजू शटरला लावली. खाली, मग वर, मग डावीकडे वर. तिथून हात झटकन मागे घेतला. “वास?”

“धुपाचाच येतोय, मामा. सगळीकडे तोच.”

“खाली जाऊन सेक्रेटरीला फोन लाव. न्हाय लागला तर फायर ब्रिगेडला लाव. मजल्याची लाईट बंद कर आनि वर ये.”

मी धावलो. सेक्रेटरींचा मोबाइल वाजून वाजून थांबला, त्यांच्या घरीही पूजा असणार. मालकांचाही कुणी उचलेना. ब्रिगेडला कळवलं, मेन स्विच पाडला आणि वर आलो तेव्हा मामा हातोडी घेऊन उभे होते. मी म्हणालो, “मामा, ते पत्र आहे खिशात.” खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटत होती. आत काही निघालं तर चूक माझी, आणि नाही निघालं तर नोकरी त्यांची. मी त्यांना घाईघाईने सांगूनही टाकलं, “परात मी ठेवली नाही. मालकांच्या हातात दिली.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कुलपावर घाव घातला.

शटर त्यांनी सरळ वर ओढलं नाही. मला बाजूला भिंतीला चिकटून खाली बसवलं, स्वतः दुसऱ्या बाजूला बसले, आणि शटर वीतभरच उचललं. खालून काळा धूर भसकन बाहेर आला. माझा श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते थांबले. धुराचा पहिला लोंढा ओसरला तसं शटर कमरेपर्यंत घेतलं. डावीकडे शटरला लागून खोक्यांची थप्पी होती आणि ती आतून धुमसत होती. हवा मिळताच एक जीभभर ज्वाळा वर आली. मामांनी सिलिंडरवरचा हार ओढून फेकला, त्याची पिन काढली आणि ज्वाळेकडे न बघता तिच्या बुडाशी पांढरी पावडर मारली. मग मी बादल्यांमागून बादल्या आणत गेलो. ब्रिगेडचे जवान आले तोवर नुसता ओला काळा चिखल आणि वाफ उरली होती. त्यांनी खोके उलटेपालटे करून पुन्हा पाणी मारलं, मामांशी दोन शब्द बोलले आणि निघाले.

गाळ्यात मशीनपुढे मला माझी परात दिसली. वाळू कोपऱ्यात ओतलेली होती. चकचकीत स्टीलची परात वाळूला कशाला, म्हणून मालकांनी तिच्यात नारळ, फळं आणि पेढे मांडले होते. दिवा मात्र त्यांनी डावीकडच्या त्या थप्पीवरच लाल कापड घालून ठेवला होता; कापडाची जळकी चिंधी तेवढी उरली होती. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही जिन्यात जाऊन बसलो. माझा खोकला थांबत नव्हता. मामा काळ्या हाताने तोंड पुसत होते. पुसता पुसता त्यांनी विचारलं, “कसला वास होता रं आत?”

मला वाटलं, आत्तासुद्धा परीक्षा! मी वैतागून म्हणालो, “कसला म्हणजे? जळक्या पुठ्ठ्याचा. नाकात गच्च बसलाय. तुम्हाला नाही आला?”

“न्हाय,” ते म्हणाले. “गिरनीत ब्लीचिंग खात्यात वायू सुटला होता. मानसं काढायला आत गेलो. तवापासून कसलाच वास येत न्हाय.”

मेणाचे थेंब, मांजर, हाताची पालथी बाजू, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दर मजल्यावर मला विचारलेला तो प्रश्न. आणि ते बोंबील! मी घरी तापात पडलो होतो, म्हणून हा माणूस दुसऱ्याच्या नाकावर विसंबला, आणि महिनाभर सगळ्यांचं हसणं गिळून बसला. कारण खरं सांगितलं असतं तर नाक नसलेला फायर गार्ड कोण ठेवणार होतं? त्या हसणाऱ्यांत मी होतो हे आठवून मला रडू आलं. धुराचं निमित्त होतंच.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. कपाळाला टिळा, अंगात सिल्कचा कुडता, तसेच पूजेवरून उठून. त्यांनी गाळा पाहिला, वरच्या मजल्यावर थिनरचे पिंप आहेत ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. मग मामांकडे वळून म्हणाले, “मामा, मानलं बाबा तुमच्या नाकाला! एवढ्या धुपात तुम्हाला बरोबर वास आला.”

मी पटकन म्हणालो, “हो ना साहेब.” मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी पक्की झाली होती.

“न्हाय साहेब,” मामा म्हणाले आणि उभे राहिले. “मला वास येत न्हाय. हितं लागायच्या आदीपासून.”

“म्हणजे?”

“तुमी कोनी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. पन आज नाकावर गेलो असतो तर इस्टेट गेली असती. याचं नाक चांगलंय, त्यालाबी कललं न्हाय. उद्या नवा गार्ड आला तर तुमी त्याला सांगाल, मामासारखं नाक चालव. तसं सांगू नका.” त्यांनी मुठीतलं एक वळलेलं आंब्याचं पान पुढे केलं. “हे बगायला सांगा.”

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित, आणि सगळं निभावलं त्या क्षणी उघडं करून टाकलं, तेही कुणा पुढच्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून. तो माणूस कोण, कधी येणार, याचा पत्ता नसताना. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच.

सेक्रेटरी पान उलटसुलट करून पाहत राहिले. मग म्हणाले, “ते पत्र कुठाय?”

मामांनी खिशातून काढून दिलं. ते भिजलं होतं. सेक्रेटरींनी ते चुरगाळून स्वतःच्या कुडत्याच्या खिशात टाकलं. “उद्यापासून फेरीला दोघांनी जोडीनं जायचं,” ते म्हणाले. “हे रजेवर असतील तेव्हा मला बोलवा, मामा. मी येईन.”

मी त्या संध्याकाळी कपडे न बदलता, काजळी लागलेल्या निळ्या डगल्यातच विहारात गेलो. बायकोने शेजारी जागा करून दिली. पिशवी त्यानंतर मी नेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपरूममध्ये मामांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील. मामींनी मुद्दाम जास्त दिले होते. मामांनी एक तुकडा माझ्या भाकरीवर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि जरा लाजत म्हणाले, “भाऊ, सांग ना. कसा येतोय वास?”

अकरा वर्षं साहेबांची पत्रं लिहिलेला मी, मला शब्द सापडेनात. मी डबा नाकाशी धरला. म्हणालो, “आधी धूर येतोय, लाकडाचा. मग मीठ. मग खाडीचं पाणी ओसरल्यावर येतो तसा ओल्या वाळूचा. आणि कडेला थोडं करपलंय, तिथे गोड आहे.”

मामा डोळे मिटून चावत होते. चावता चावता थांबले.

“हां,” म्हणाले. “तसाच हाय अजून.”